किराण्याच्या यादीचा हिशेब गिऱ्हाइकाला परत कसा द्यायचा

बहुतेक घरांत महिन्याची यादी डब्याच्या मापाने लिहिली जाते. साखरेचा डबा पाच किलोचा, म्हणून साखर पाच किलो. तेलाचा कॅन पाच लिटरचा, म्हणून तेल पाच लिटर. मुलगा शिकायला पुण्याला गेला तरी यादी तीच. दुकानदाराच्या कॉम्प्युटरमध्ये मात्र त्या घराने वर्षभरात काय नेलं ते ग्रॅमपर्यंत नोंदलेलं असतं. ते माणशी आणि दिवसाला भागायचं, तब्येतीच्या आणि निसर्गाच्या दृष्टीने ते किती होतं हे छोट्या चिठ्ठीवर गिऱ्हाइकाला दाखवायचं आणि सोबत एकच सोपी सूचना द्यायची, एवढंच हे काम. त्याला ॲप लागत नाही. बिलिंगचं सॉफ्टवेअर, एक एक्सेल शीट आणि पहिल्या महिन्यात पंधरा-वीस तास पुरतात. इथली उदाहरणं नाशिकच्या रविवार कारंजा, सिडको किंवा इंदिरानगरातल्या मध्यम दुकानाची धरली आहेत. बचत गटाने एकत्र किराणा भरला तरी हीच रीत चालते.

आधी भागाकार

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वं काढली. २००० कॅलरींच्या रोजच्या ताटासाठी त्यातले आपल्या कामाचे आकडे असे: तेल-तूप २७ ग्रॅम, वरून घातलेली साखर २५ ग्रॅमच्या आत, मीठ ५ ग्रॅमच्या आत, आणि डाळी-कडधान्य ८५ ग्रॅम. हे ८५ ग्रॅम अंडी-मांस धरून आहेत, त्यामुळे शाकाहारी घरात सगळा वाटा डाळीचाच.

चार मोठी माणसं आणि ३० दिवस म्हणजे १२० माणूस-दिवस. या घराला महिन्याला साखर आणि गूळ मिळून ३ किलो, तेल साडेतीन लिटर आणि मीठ ६०० ग्रॅम पुरतं. डाळ १० किलोपर्यंत चालते. आता नेहमीच्या यादीशी ताडून बघा. पाच किलो साखर म्हणजे माणशी रोज ४२ ग्रॅम. पाच लिटर तेल म्हणजे ३८ ग्रॅम. यात बाहेरचा वडापाव, मिसळीवरची तर्री आणि ऑफिसातला चहा धरलेलाच नाही.

तेलाच्या हिशेबात लिटर आणि किलो यांची गल्लत हमखास होते. एक लिटर तेलाचं वजन सुमारे ९१० ग्रॅम. १५ किलोचा डबा आणि १५ लिटरचा डबा शेजारी ठेवले तर सारखेच दिसतात, पण दुसऱ्यात १३.६५ किलोच तेल असतं. डब्यावर छापलेलं निव्वळ वजन वाचून तेच नोंदवा.

माणसं मोजताना दहा वर्षांखालचं मूल अर्धं धरा. हे शास्त्र नव्हे, काउंटरवरची सोय आहे. जास्त बारीक वय विचारत बसलात तर गिऱ्हाईक विचारेल, "रेशन कार्ड काढताय का?"

आयटम मास्टर नीट करणे

खरा वेळ इथे जातो. मध्यम दुकानाच्या आयटम मास्टरमध्ये, म्हणजे बिलिंग सॉफ्टवेअरमधल्या मालाच्या मुख्य यादीत, दोन-तीन हजार नोंदी सहज असतात. सगळ्यांना हात लावू नका. मागच्या तीन महिन्यांची विक्री काढा, विकल्या गेलेल्या वजनाने उतरता क्रम लावा आणि वरचे ३०० आयटम घ्या. घराघरातल्या किराण्याचा बहुतेक भाग त्यातच येतो. प्रत्येकाला दोन मिनिटं धरली तर दहा तास झाले.

प्रत्येक आयटमसमोर चार रकाने वाढवा: गट (तेल-तूप, साखर-गूळ, डाळ, तांदूळ, इतर धान्य, तयार खाऊ वगैरे), एका नगाचं वजन ग्रॅममध्ये, पाकिटांची संख्या, आणि तयार खाऊ असेल तर रंग. रंगाचं पुढे येतं.

चुका बहुतेक वजनाच्या रकान्यात होतात. सुटी साखर सॉफ्टवेअरमध्ये २.५०० अशी किलोत बसते आणि पाकीटबंद साखर १ नग अशी. दोन्हींना एकच सूत्र लावलं की अर्ध्या किलोचं पाकीटही एक किलो मोजलं जातं. 'तेलावर साखर मोफत' अशी स्कीम असेल तर ती साखर शून्य रुपयांना नोंदते. रुपयांवरून हिशेब करणाऱ्याला ती दिसतच नाही, पोटात मात्र जाते. परत आलेला माल वजा झाला का तेही पाहा. शीट तयार झाली की पाच बिलं हाताने, कॅल्क्युलेटरवर तपासा. पाचही जुळली तरच पुढे जा.

पाकीटबंद मालाचा बारकोड ८९० ने सुरू होत असेल तर त्याचा नंबर भारतात नोंदलेला आहे. माल इथेच बनला असं त्यावरून ठरत नाही. सुट्या मालाला तुमचा वजनकाटा जो बारकोड छापतो तो बहुधा २ ने सुरू होतो. तो तुमच्या दुकानापुरताच. बाहेरच्या कुठल्या यादीत तो शोधू नका.

तयार खाऊचा रंग

धान्य, डाळी, साखर यांना रंग लागत नाही, तिथे ग्रॅमच बोलतात. रंग लागतो बिस्किटं, फरसाण, नूडल्स, सॉस, पापड, लोणची यांना. ब्रिटनमध्ये पाकिटाच्या पुढच्या बाजूला सिग्नलचे रंग देतात, त्यातल्या लाल रंगाच्या मर्यादा वापरायला सोप्या आहेत. १०० ग्रॅममध्ये साखर २२.५ ग्रॅमच्या वर, एकूण फॅट १७.५ च्या वर, सॅच्युरेटेड फॅट ५ च्या वर किंवा मीठ १.५ ग्रॅमच्या वर असेल तर लाल. आपल्या पाकिटांवर मीठ लिहीत नाहीत, सोडियम लिहितात, तेही मिलिग्रॅममध्ये. सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं. ६०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दीड ग्रॅम मीठ.

लेबल वाचताना टक्क्यांचा रकाना सोडून द्या. एफएसएसएआयच्या (केंद्राचं अन्न सुरक्षा प्राधिकरण) लेबल नियमांत दिवसाची साखर ५० ग्रॅम धरून टक्के काढतात. पोषण संस्था सांगते २५. म्हणजे पाकिटावर '२० टक्के' दिसलं तर आपल्या हिशेबाने ते ४० टक्के. शिवाय टक्के एका 'सर्व्हिंग'चे, म्हणजे एका वेळी खायच्या वाट्याचे असतात आणि सर्व्हिंग किती मोठं ते कंपनी ठरवते. दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस कंपनीच्या कागदावरच भेटतो. १०० ग्रॅमचा रकाना धरा.

'मल्टिग्रेन', 'नाचणीयुक्त' असल्या शब्दांसाठी घटकांची यादी बघायची. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. मैदा पहिला आणि नाचणी सहावी असेल तर ते मैद्याचंच बिस्कीट.

बचत गटाच्या पापड-लोणच्यावर पोषणाचा तक्ता बहुधा नसतो. त्याला रंग देऊ नका, 'मीठ जास्त' एवढंच लिहा. पापड आणि लोणच्याबाबत हे बिनधास्त लिहिता येतं. नाशिकच्या चिवड्यालाही हाच न्याय; तो आपला आहे म्हणून सूट नाही.

पर्यावरणाचा भाग

इथे पुष्कळ लोक वाहवत जातात आणि प्रत्येक आयटमसमोर कार्बनचा, म्हणजे तो माल तयार होताना हवेत गेलेल्या हवा तापवणाऱ्या वायूंचा, दोन दशांशांपर्यंत आकडा छापतात. तसं करू नका. जे आकडे मिळतात ते जगाच्या सरासरीचे असतात. त्यातलं सगळ्यात वापरलं जाणारं काम जोसेफ पूर आणि थॉमस नेमेचेक यांनी २०१८ मध्ये 'सायन्स'मध्ये छापलं. त्यात ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती आहे. एकाच पिकात चांगल्या आणि वाईट शेतामध्ये कित्येक पटींचा फरक निघतो, हेच त्या अभ्यासाचं मोठं सांगणं. तुमच्या गोणीतली बाजरी येवल्याची की राजस्थानची हेही दुकानात धड माहीत नसतं, मग दशांश कशाला?

तीन पट्टे पुरतात. एका किलोमागे दोन किलोच्या आत कार्बन तो हलका: गहू, ज्वारी, बाजरी, डाळी, कांदे, बटाटे. दोन ते पाच मध्यम: तांदूळ (साधारण ४), दूध (३ च्या आसपास), साखर, अंडी. पाचच्या वर जड: पाम तेल, पनीर, चीज, चिकन, आणि सगळ्यात वर मटण. पनीर जड का, ते सांगणं सोपं आहे: एक किलो पनीरला पाच-सहा लिटर दूध आटतं. तांदूळ गव्हाच्या वर का, हे मात्र गिऱ्हाईक हमखास विचारतं. भाताच्या खाचरात पाणी साठतं, चिखलात हवा पोचत नाही आणि तिथले जिवाणू मिथेन हा हवा तापवणारा वायू सोडतात. डाळींचं उलट: तूर-मूग-हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नायट्रोजन धरतात, त्यामुळे युरिया कमी लागतो.

दुकानदाराला स्वतःला अंदाज यावा म्हणून एक माप सांगतो. १४.२ किलोचा घरगुती गॅस सिलिंडर पूर्ण जळला की साधारण ४२ किलो कार्बन डायऑक्साइड होतो. दहा किलो तांदूळ म्हणजे जवळपास एक सिलिंडर. रोज दीड लिटर दूध घेणाऱ्या घराचं महिन्याचं दूध तीन सिलिंडर. हे दूध गवळ्याकडून येतं, किराण्याच्या बिलात दिसत नाही, आणि ते कमी करा म्हणून चिठ्ठीत लिहायच्या भानगडीत पडू नये. शाकाहारी घरात प्रथिनांचा तो मोठा आधार आहे. पनीर आणि चीज तुमच्या फ्रिजमधून जात असेल तर तेवढंच मोजा.

'लोकल ते चांगलं' ही समजूतही जपून वापरा. इगतपुरीचा इंद्रायणी इथलाच, पण भात तो भातच, मिथेन तेवढाच. कॅनडाहून आलेली मसूर जहाजाने येते आणि तरी हलक्याच पट्ट्यात राहते. अन्नाच्या एकूण कार्बनमध्ये वाहतुकीचा वाटा साधारण दहाव्या हिश्शाच्या आत असतो. इथला माल घ्यायला दुसरी कारणं भरपूर आहेत, ती सांगा. सुरगाणा-पेठकडची नाचणी आणि वरई डोंगरउतारावर पावसाच्या पाण्यावर येते, हे सांगितलं तर ते खरंही आहे आणि नाशिककराच्या डोळ्यासमोरही येतं.

पाकिटं मोजा. कार्बनपेक्षा हे गिऱ्हाइकाला पटकन कळतं, कारण घंटागाडीत सुका कचरा तेच टाकतात. आतून चांदीसारखी चकाकणारी पाकिटं प्लास्टिक आणि धातूचे थर चिकटवून केलेली असतात. ते थर सुटे होत नाहीत म्हणून भंगारवालाही ती घेत नाही. दहा छोट्या पुड्यांचा बिस्किटांचा मोठा पॅक म्हणजे अकरा पाकिटं, हे मास्टरमध्येच लिहून ठेवा. डबा घेऊन येणाऱ्याला सुटा माल दिला तर पाकीट शून्य.

चिठ्ठी

सहा ओळींच्या वर जाऊ नका. मोठी चार माणसं आणि लहान दोन मुलं असलेल्या घराची, म्हणजे पाच माणसं धरून केलेली ही चिठ्ठी (ग्रॅमचे आकडे माणशी रोजचे):

तेल-तूप: ३६ ग्रॅम (पुरे २७)
साखर-गूळ: ४० ग्रॅम (पुरे २५)
डाळ-कडधान्य: ४० ग्रॅम (८५ पर्यंत चालेल)
पाकिटं: ४१ (मागच्या महिन्यात ४८)
निसर्गावर सर्वांत जास्त भार: तांदूळ, १० किलो
जमतंय का बघा: २ किलो तांदळाऐवजी बाजरी

डाळीची ओळ मुद्दाम ठेवली आहे. सगळ्या ओळी 'कमी करा' म्हणत असतील तर दुसऱ्या महिन्यापासून चिठ्ठी न वाचताच चुरगळली जाते. एखादी ओळ 'जास्त घ्या' म्हणणारी हवी, आणि दुकानदारालाही ती परवडते. मिठाची ओळ घेतलेली नाही, कारण घरात मीठ लोणच्यात आणि पालेभाजी धुण्यातही जातं. माणशी आकडा फुगतो आणि भांडण होतं. मिठाचं काम पापड-फरसाणाच्या लाल रंगाकडून करून घ्या.

गुण, तारे, 'अ-ब-क' श्रेणी नकोत. 'तुमच्या घराला क' हे वाचून कोण परत येईल? शेजाऱ्याशी तुलनाही नको. कॉलनीत कोणाची चिठ्ठी कशी आली हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. तुलना त्याच घराच्या मागच्या महिन्याशी करा.

छापताना देवनागरीचा घोळ होतो. थर्मल प्रिंटरच्या आतल्या फाँटमध्ये बहुधा मराठी नसते, म्हणून ओळ थेट पाठवली की चौकोन किंवा प्रश्नचिन्हं येतात. चिठ्ठी चित्र करून पाठवायची. तीन इंची प्रिंटरला चित्राची रुंदी ५७६ ठिपके, दोन इंचीला ३८४. बारीक फाँटमध्ये 'ष्ट' आणि 'ष्ठ' सारखेच दिसतात; जाड वजनाचा फाँट घ्या. थर्मलची अक्षरं काही महिन्यांत उडतात, म्हणून मागचा आकडा तुमच्या शीटमध्ये राहू द्या, गिऱ्हाइकाच्या कागदावर विसंबू नका.

सूचना निवडताना

सूचनेतला माल आज तुमच्या फडताळात असला पाहिजे, त्याच स्वयंपाकात बसला पाहिजे आणि किलोमागे फार महाग नको. ऋतूही बघा. बाजरी संक्रांतीपर्यंत सुचवा. उन्हाळ्यात कोणी घेत नाही, 'उष्ण पडते' म्हणतात, तेव्हा ज्वारी सुचवा. उपवासाच्या दिवसांत साबुदाण्याच्या निम्म्याऐवजी भगर सांगता येते. साबुदाणा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, भगरीत प्रथिनं आणि तंतू दोन्ही जास्त. मात्र अख्खी भगर द्या. तयार पीठ ओल धरतं, बुरशी येते आणि मग सणावारी विषबाधेच्या बातम्या होतात.

ज्या मालावर कमिशन जास्त तोच दर वेळी सुचवायचा मोह होईल. गिऱ्हाइकाला हे दुसऱ्या चिठ्ठीत कळतं.

काउंटरवर मोठ्याने काही बोलू नका. "वहिनी, साखर जरा जास्तच होतेय" हे वाक्य चार जणांत म्हटलं की त्या पुढच्या महिन्याची साखर दुसऱ्या दुकानातून आणतील. होम डिलिव्हरीच्या बिलावरही चिठ्ठी छापू नये, ती डिलिव्हरीच्या मुलापासून वॉचमनपर्यंत सगळे वाचतात. सगळ्यात चांगली वेळ यादी लिहिण्याआधीची. घरात पगार कधी होतो ते तुम्हाला माहीत असतंच. त्याच्या दोन दिवस आधी व्हॉट्सॲपवर पाठवा.

पण त्यासाठी आधी विचारा. बिलासाठी दिलेला मोबाइल नंबर म्हणजे महिन्याच्या हिशेबाला दिलेली परवानगी नव्हे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही तोच आहे: कशासाठी वापरणार ते सांगा, होकार घ्या, नको म्हटलं की थांबवा. एका ओळीचा मेसेज पुरतो. आजाराचं नाव चिठ्ठीत कधीही नको. 'याने शुगर कमी होते' हा औषधी दावा झाला. पर्यावरणाचंही तसंच: पोकळ हिरव्या दाव्यांवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत, तेव्हा 'इको-फ्रेंडली तांदूळ' असलं काही छापू नका.

आकडे खोटे कधी बोलतात

एप्रिल-मे मध्ये घरं वर्षाचा गहू, तांदूळ आणि तूरडाळ भरून ठेवतात. त्या महिन्यात हिशेब आभाळाला भिडतो आणि पुढचे अकरा महिने डाळ शून्य दिसते. एका आयटमची खरेदी नेहमीच्या चौपटीच्या वर गेली की ती साठवण समजा आणि बाराने भागून महिन्यांत वाटा. दिवाळीच्या महिन्यात तेल-साखरेची चिठ्ठी पाठवूच नका. चकल्या तळणाऱ्या घराला २७ ग्रॅम सांगून काय मिळणार?

काही खाती घराची नसतात. मेस, टपरी, डबेवाल्या मावशी घरच्याच नावावर माल नेतात. माणशी रोज तेल १०० ग्रॅमच्या वर दिसलं तर ते खातं बाजूला काढा. उलट तेल अचानक शून्य झालं तर ते घर लाकडी घाण्याचं तेल घ्यायला लागलं असेल. 'वा, तेल कमी केलंत' असं छापण्याआधी विचारून घ्या.

परिणाम बघायचा असेल तर होकार दिलेल्या साठ घरांपैकी तिसाला चिठ्ठी द्या, तिसाला तीन महिने थांबवा. वाटणी सोडत काढून करा. ओळखीच्या, हौशी घरांपासून सुरुवात केली की परिणाम चांगलाच दिसतो. तेल, साखर, डाळ आणि पाकिटं एवढंच ताडा. एकूण बिलही सोबत बघा: तेलाबरोबर सगळं बिलच उतरलं असेल तर घर सुधारलेलं नाही, दुकान बदलून गेलं आहे.

कॅनवरची तारीख

साडेतीन लिटरचा कॅन बाजारात नाही, आणि सुटं तेल ओतून विकायला परवानगी नाही. लिटरच्या तीन पिशव्या दिल्या की तेल कमी होतं, पाकिटं वाढतात. त्यामुळे पाच लिटरचा कॅनच द्या आणि तो किती दिवस पुरवायचा ते सांगा. १६८ ला घरातल्या माणसांनी भागायचं: चौघांना ४२ दिवस, तिघांना ५६, सहा जणांना २८. घरात तूप बरंच लागत असेल तर त्यात चार-पाच दिवस आणखी वाढवा. कॅनवर एक स्टिकर लावून द्या: 'उघडला' आणि 'पुढचा'. पहिली तारीख घरी लिहितील, दुसरी तुम्ही दुकानातच पेनने लिहून द्या. स्टिकर मानेजवळ, हात लागतो तिथे चिकटवू नका. तेलकट बोटांनी आठवड्यात शाई पुसली जाते.